उन्हाळ्यात टाकी फुल केली की फुटते म्हणे!

एप्रिल लागला की हापूसच्या पेट्या आणि हा मेसेज बरोबरच येतात. "इंडियन ऑइलचा इशारा! तापमान वाढतंय, पेट्रोलची टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होऊ शकतो. अर्धीच भरा, हवेला जागा ठेवा. या आठवड्यात टाकी फुल केल्यामुळे 5 स्फोट झालेत. दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर जाऊ द्या. सगळ्या नातेवाइकांना पाठवा." शेवटचं वाक्य तेवढं सगळे इमानेइतबारे पाळतात.

आधी तो इशारा. इंडियन ऑइलने असलं काही सांगितलेलं नाही, उलट 2022 च्या उन्हाळ्यात त्यांनीच जाहीर खुलासा केला की कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरा, उन्हाळा असो की हिवाळा, काही धोका नाही. आणि ते 5 स्फोट? मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, आठवडा मात्र दरवेळी "हाच" आणि आकडाही 5 च, ना गावाचं नाव ना गाडीचं.

आता उन्हाने स्फोट. पेट्रोल ठिणगीशिवाय नुसत्या उष्णतेने पेटायला साधारण 250 अंशांच्या वर तापमान लागतं. चंद्रपूरला मे महिन्यात 47 होतं, गाडी दिवसभर उन्हात ठेवली तरी कारची टाकी मागच्या सीटखाली सावलीत असते, कुठे 250 आणि कुठे हे. यावर हमखास कोणीतरी म्हणतं की पेट्रोल उणे 40 ला पण पेटतं. पेटतं ना, पण उघड्यावर, हवा असेल आणि ठिणगी पडली तर. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच ती पेट घेते, आणि बंद टाकीत पेट्रोलच्या वर वाफ याच्या कितीतरी पट जास्त असते, म्हणजे पेटायला पुरेसा ऑक्सिजनच नाही. विश्वास नसेल तर हे बघा, इंजेक्शनवाल्या (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या) कारमध्ये पेट्रोल पंप हा इलेक्ट्रिक मोटरवरचा असतो आणि तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडवूनच बसवलेला असतो. किती वर्षं झाली असल्या गाड्या रस्त्यावर आहेत, आत मोटर फिरतेय, टाकी शांत आहे.

"हवेला जागा ठेवा, अर्धीच भरा" हा सगळ्यात शहाणा वाटणारा मुद्दा, कारण पेट्रोल फुगतं हे खरंच आहे. पण किती फुगतं? एका अंशाला साधारण हजारातला एक भाग. स्विफ्टची टाकी 37 लिटरची, 20 अंश तापमान वाढलं तरी पाऊण लिटरच्या आत. एवढी जागा कंपनीने आधीच सोडलेली असते, मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा हा टाकीच्या खऱ्या मापापेक्षा कमीच असतो. म्हणून तर पंपावर अधूनमधून ती भांडणं होतात की 37 ची टाकी आणि 40 लिटर बसलंच कसं, मीटरमध्ये घोळ आहे. मीटरमध्ये कधी घोळ असेलही (तसं वाटलं तर पंपावर 5 लिटरचं माप मागा, ते ठेवावंच लागतं), पण बऱ्याचदा ती फुगण्यासाठी ठेवलेली जागाच आपण भरून आलेलो असतो.

आणि ती जागा भरते ती आपल्या राउंड फिगरच्या हौसेपायी! नोझल टक्क करून आपोआप कट होतं, मीटरवर 1,940 दिसतात, आपण म्हणतो "दादा, 2,000 करून टाका" आणि तो बिचारा नोझल वर धरून थेंब थेंब सोडत बसतो. आजकालच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घ्यायला कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात, तो वाफेसाठी आहे, ओल्या पेट्रोलसाठी नाही. वरपर्यंत कोंबलं की पेट्रोल तिथे शिरू शकतं, मग पंपावरून निघताना गाडी दोनदोनदा सेल्फ मारून सुरू होते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कॅनिस्टर बदलायचा खर्च मागे लागतो. कट झालं की थांबा, बस. बाईकवाल्यांनी पण गळ्यापर्यंत भरू नये, तोंडाच्या आतल्या नळीच्या खालच्या कडेपर्यंतच भरावं, नाहीतर उन्हात साइड स्टँडवर लावलेली गाडी खाली थेंब गाळत बसते. या मेसेजमध्ये खरं काही असेल तर ते एवढंच.

उलट अर्ध्या टाकीची सवय लागली की माणूस कायम रिझर्व्हच्या आसपास फिरत राहतो, आणि तो टाकीतला पंप गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं, ते कमी असलं की पंप तापतो.

आता रोज झाकण उघडून गॅस सोडा. अख्ख्या मेसेजमध्ये खरोखर धोकादायक असं हेच एक वाक्य आहे आणि तेच उपाय म्हणून दिलंय. टाकीतला दाब सांभाळायला व्हॉल्व्ह असतात, कुकरची शिट्टी आपली आपण दाब सोडते, त्यासाठी आपण मध्येच झाकण उघडतो का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये 20 जणांनी सकाळी हा उद्योग केला आणि एखादा कोपऱ्यात सिगरेट ओढत उभा असेल तर मग मेसेज खरा व्हायचा.

बरं, उन्हाळ्यात गाड्या पेटतात हे खोटं नाही, बातम्या येतातच. पण गॅरेजवाल्याला विचारा तो काय दाखवेल: वायरिंग. बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम, मूळ वायर मध्येच सोलून नुसती काळी टेप गुंडाळलेली. 60/55 वॅटच्या बल्बच्या जागी 100/90 चा बल्ब, रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने देणारा स्विच) नाही, होल्डर पिवळा पडून वितळलेला. फ्यूज सारखा उडतो म्हणून 10 अँपियरच्या जागी 30 चा ठोकलेला, म्हणजे आता फ्यूज उडणार नाही, वायर जळेल. त्यात उंदीर. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरी आणि पेट्रोलचे होज एकदा बोट फिरवून बघून घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा. वाळक्या गवतावर गाडी लावू नका, सायलेन्सरच्या बाजूचा, धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर भयंकर तापतो. डॅशबोर्डवरचा लायटर, पॉवर बँक, डिओचा कॅन काढा. कॅनवर लिहिलेलंच असतं की 50 अंशांच्या वर ठेवू नका, बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या सहज पुढे जातो.

याच्या जोडीला अजून एक सल्ला ऐकू येतो, उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी मारा. अजिबात नको. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि समृद्धीसारख्या सलग काँक्रीटवर तासन्‌तास 120 ने पळवली की तिथेच फुटते. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे, चालवल्यावर प्रेशर 3-4 पीएसआयने वाढतं ते धरूनच तो दिलेला असतो, तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका.

आणि दाबाचीच भीती वाटत असेल तर सीएनजीवाल्यांनी डिकी उघडा. तिथे 200 बारचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 200 पट दाब आहे, त्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी) दर 3 वर्षांनी करावी लागते, तारीख सिलिंडरवरच्या प्लेटवर असते. प्लेट बॅगांच्या आणि स्टेपनीच्या मागे लपलेली असते, मोबाईलचा टॉर्च लावून वाचा, तारीख गेली असेल तर भरायला जाण्याआधी टेस्टला टाका.