मठारलेली नळी

2025 च्या मार्चअखेर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती तोफ चालली होती. संरक्षण मंत्रालयाने एटॅग्ज या 155 मिलिमीटरच्या 307 तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्या यांचा करार केला, सगळा मिळून सुमारे 6,900 कोटींचा. तोफांचा मोठा वाटा भारत फोर्जला, उरलेला टाटांना. आरेखन पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेचं. म्हणजे तोफ जवळजवळ पुणेकरच. एकाने लिहिलं, "शंभर टक्के आपली." दुसरा, जो प्रत्येक ग्रुपवर असतोच, म्हणाला, "कसली आपली? स्वित्झर्लंडच्या रुआगकडून आख्खा तोफांचा कारखाना उचलून आणला होता, विसरलात का?" मग टक्केवारी सुरू झाली. पोलाद कुठलं, यंत्रं कुठली, बेअरिंग कुठली. शेवटी कुणीतरी मला ओढलं: "परदेशातले तज्ज्ञ गप्प का?"

परदेशातला तज्ज्ञ म्हणजे मी. ऑस्ट्रियात, श्टायर गावाजवळ, एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून हवं तसं कडक किंवा मऊ करायच्या शॉपमध्ये अकरा वर्षं भट्टीपाशी उभा आहे. बहुतेक माल शाफ्ट, गिअर आणि साच्यांचा. अधूनमधून शिकारी बंदुकांच्या नळ्यांचं खोकंही येतं. त्या दिवशी ग्रुपवर मी एक अंगठा टाकून विषय मिटवला. तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आता लिहितोय.

श्टायर हे दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. डोंगरातलं लोखंड या नद्यांवरून यायचं, गावात त्याच्या सुऱ्या-कोयते व्हायचे. 1864 मध्ये योझेफ वेर्नड्लने इथे बंदुकांचा मोठा कारखाना उभा केला आणि गावाचं नाव बंदुकीवरच कोरलं गेलं. नळी हातोड्याने ठोकून बनवायचं यंत्रही इथलंच मानतात. अगदी खरं सांगायचं तर ते जन्मलं जर्मनीत, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, मशीनगनच्या नळ्या झटपट लागत होत्या म्हणून. युद्धानंतर ते ज्ञान ऑस्ट्रियात मुरलं आणि श्टायरच्या जीएफएम कंपनीने अशी यंत्रं जगभर विकली. तेव्हा "आपलं" म्हणजे काय, हा घोळ इथेही आहेच. फक्त त्यावरून इथे कुणी भांडताना मी ऐकलं नाही.

यंत्राचं काम साधं आहे. पोलादाचा आखूड, जाड आणि आरपार भोक पाडलेला दांडा घ्यायचा. भोकात कार्बाइडचा एक गज घालायचा. नळीच्या आत जे पिळाचे आटे हवेत, त्यांचा उलटा ठसा या गजावर असतो. मग बाहेरून चार हातोडे मिनिटाला हजाराहून जास्त वेळा त्यावर बसतात. पोलाद थंडच असतं. ते दबतं, लांबतं, गजाला घट्ट चिकटतं, आणि काही मिनिटांत आतल्या आट्यांसकट नळी बाहेर येते. आवाज असा की दातांत वाजतो.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला आठवली कसब्यातली तांबट आळी. लहानपणी आजोळी जाताना त्या गल्लीतून जावं लागायचं, आणि आजी म्हणायची, इथे बोलू नकोस, घसा बसेल. हंडा मठारणं म्हणजे तरी वेगळं काय? आत आधार, बाहेर हातोडी, आणि एकाशेजारी एक ठोका. तांबं मठारलं की कडक होतं, फार मठारलं की चिरतं, म्हणून मध्ये भट्टीत घालून मऊ करून घ्यायचं. पोलादाच्या नळीचंही तेच. ठोकून ठोकून तिच्यात ताण साठतो. तो काढायला तिला हळूहळू तापवून निववावी लागते, नाहीतर पुढे बाहेरून छिलायला घेतली की वाकते. श्टायरच्या काही रायफलींवर हातोड्यांच्या खुणा मुद्दाम ठेवतात, नळीभर पिळदार. गिऱ्हाइकं त्यावर भाळतात. मठारलेल्या तांब्याचं कौतुक फक्त पुणेकरांनाच असतं असं नाही.

तोफेच्या नळीचं प्रकरण मात्र वेगळं. ती इतकी जाड आणि लांब की तिला अशी थंड मठारून भागत नाही. मोठा ठोकळा तापवून दाबाखाली घडवायचा, भोक पाडायचं, साधारण साडेआठशे अंशांना लाल करून तेलात किंवा पाण्यात बुडवायचा आणि मग पुन्हा पाच-सहाशे अंशांवर तासन्तास ठेवायचा. याला आम्ही टेंपरिंग म्हणतो. गावाकडचा घिसाडी या सगळ्याला "पाणी देणं" म्हणायचा आणि दोन्ही गोष्टी एका दमात उरकायचा. विळ्याचं पातं लाल करून टोकाकडून पाण्यात बुचकळायचं, बाहेर काढून दगडावर घासायचं आणि चकाकत्या भागावर रंग चढताना बघत राहायचं. गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. हवा तो रंग धारेपाशी पोचला की पुन्हा पाण्यात. त्याच्याकडे तापमापक नव्हता, डोळा होता. पण विळ्याला हवी धार. तोफेच्या नळीला धार नको, जीव हवा. फार कडक ठेवली तर ती काचेसारखी फुटेल, फार मऊ ठेवली तर फुगेल आणि आटे झिजतील. त्या दोहोंमधली पट्टी अरुंद असते, आणि सहा ते आठ मीटर लांबीच्या नळीत ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी सापडावी लागते. भट्टीचा एक कोपरा वीस अंशांनी थंड राहिला तर नळी दिसायला तशीच दिसते. चुकते ती आतून.

त्याच्या पुढची पायरी मला सगळ्यांत आवडते. आजोबांच्या गावी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना मी पाहिलंय. लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि बदाबदा पाणी ओतायचं. कडं आक्रसतं, आणि तुंबा, आरे, पाटे सगळे असे आवळले जातात की लाकूड करकरतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या तोफा अशाच करायचे. आतली नळी, तिच्यावर तापवून चढवलेली कडी. आता कडी न चढवता तोच परिणाम साधतात. तयार नळीच्या आत प्रचंड दाब देऊन तिला मुद्दाम थोडी कायमची फुगवतात. आतला थर ताणला जातो, बाहेरचा मूळ जागी परतू बघतो आणि आतल्याला आवळून धरतो. म्हणजे नळी स्वतःच स्वतःची धाव होते. बार उडतो तेव्हा त्या स्फोटाला आधी ही आवळण सोडवावी लागते.

आता मुद्द्याचं. यातलं काहीही गुपित नाही. पुस्तकात आहे, आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं, व्हायव्हात विचारलंही होतं. स्विस कारखाना सुटा करून पुण्यात पुन्हा जोडला, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. शिवकाळात आपल्याकडे फिरंगी पात्यांना आपल्या मुठी चढवल्या जात होत्या आणि तलवारीलाच फिरंग म्हणत होते. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये ओतली गेली ती नगरला, आणि ओतणारा स्वतःला रूमी म्हणवत होता, म्हणजे तुर्कांच्या मुलुखातला. ती तोफ कुणाची, यावर निजामशाहीच्या दरबारात टक्केवारी काढली असेल असं वाटत नाही.

मला टोचतं ते वेगळंच. ऑस्ट्रियात येण्याआधी मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं काढली. नाव नको. एकदा शाफ्टची एक खेप भट्टीतून बाहेर आली आणि आलेखाच्या कागदावर मध्येच वीस मिनिटांची सपाट रेघ. भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल गेलेलं. कडकपणा तपासला तर आकडा बरोबर आला. मी म्हणालो, एक शाफ्ट कापून बघू. साहेब म्हणाले, "अरे, हार्डनेस आला ना? मग कापायचं काय? गाडी उभी आहे." गाडी खरोखरच फाटकात उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. माझ्या सहीने माल गेला. पुढे काही झालं नाही. त्या शाफ्टचं काही झालंही नसेल. पण ती रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

इथे दुसऱ्याच महिन्यात अगदी तसंच घडलं. आमच्या भट्टीवरच्या जुन्या माणसाने, शाळा सोडल्यावर पंधराव्या वर्षी शिकाऊ म्हणून लागलेल्या, आलेख पाहिला, खिशातून माल नाकारल्याची लाल चिठ्ठी काढली, टोपलीला तारेने बांधली आणि जेवायला गेला. मी वाट बघत होतो की आता फोन येईल, कुणीतरी धावत येईल. कुणी आलं नाही. नुकसान मोठं होतं, कुरकुरही झाली, पण बांधलेली ती चिठ्ठी सोडवायचा अधिकार मालकालाही नव्हता. त्या माणसाकडे पदवी नाही. पगार माझ्यापेक्षा फार कमी नाही. माझ्या जुन्या कारखान्यातला भट्टीवाला कंत्राटी होता, दर सात महिन्यांनी बदलायचा. लाल चिठ्ठी त्याला परवडली नसती.

तोफेचा "आपलेपणा" मोजायचाच असेल तर मी या जागी मोजेन. अमुक टक्के सुटे भाग देशी, हे सांगणं सोपं आहे. नळीपाशी उभा असलेला सर्वांत कमी पगाराचा माणूस ती नाकारू शकतो का, आणि नाकारून दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतो का, हे सांगा. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पोखरणला चाचणीत याच एटॅग्जची नळी फुटली, माणसं जखमी झाली. तेव्हा आमच्या ग्रुपवर "बघा, आपल्याला जमत नाही" असे सुस्कारे निघाले होते. जखमींचं वाईट वाटायलाच हवं. पण चाचणीत फुटलेल्या नळीने मला खजील केलं नाही. चाचण्या त्यासाठीच असतात. इथे ऑस्ट्रियात विकायची प्रत्येक बंदूक आधी सरकारी चाचणीघरात जाते. तिथे नेहमीपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त दाबाचं काडतूस तिच्यात उडवतात आणि टिकली तरच नळीवर शिक्का बसतो. मला जास्त खुपली ती 2017 ची बातमी: धनुष तोफेसाठी चिनी बेअरिंग "मेड इन जर्मनी" म्हणून दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला, ती. पोलादाची चूक भट्टीत दुरुस्त होते, कागदाची होत नाही.

आणि कागदाच्या बाबतीत ऑस्ट्रियाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. आपल्याकडे बोफोर्सवरून रान पेटलं होतं त्याच सुमारास इथे नोरिकम प्रकरण गाजत होतं. सरकारी पोलाद कंपनीच्या या उपकंपनीने लीत्सेनला बनवलेल्या तोफा कागदावर लिबियाला विकल्या, आणि त्या पोचल्या इराणला, ऐन इराण-इराक युद्धात. तटस्थ म्हणवणाऱ्या देशाला युद्धात गुंतलेल्यांना शस्त्रं विकायला बंदी होती. नळ्या उत्तमच होत्या. त्यांच्या तपासणीच्या कागदांत खोट नव्हती, गिऱ्हाइकाच्या कागदात होती. माझ्या शॉपमधल्या वयस्कर मंडळींना विचारलं तर ते अजूनही नजर चुकवतात. लाल चिठ्ठीवाला एवढंच म्हणाला, "आम्हाला कुठे जाणार ते सांगत नव्हते. आम्हीही विचारत नव्हतो."

हा प्रश्न आपल्या चर्चेत जवळजवळ नसतोच. तोफ आली कुठून, यावर रात्री जागतात. आता आपणही तोफा निर्यात करतो तर जाणार कुठे, हे विचारलं की विचारणारा देशद्रोही ठरतो. इथल्या वर्तमानपत्रांत उलट. आपली नळी कुणाच्या हाती पडली, यावर पानं भरतात, आणि ती कोणी घडवली याची कुणाला फिकीर नसते. बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते, 2021 मध्ये सगळ्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या तेव्हापासून रुसलेले. ते म्हणाले, "तू तिकडे बसून दोन्हीकडच्यांना नावं ठेव." मग थोडं थांबून, "माझा शिक्का अजून कपाटात आहे. परत द्यायचा होता, राहून गेला."

मागच्या दिवाळीत पुण्याहून येताना तांबट आळीतून एक मठारलेला तांब्या आणला आणि लाल चिठ्ठीवाल्याला दिला. त्याने तो उजेडात धरला, अंगठा ठोक्यांवरून गोल फिरवला आणि विचारलं, "शेवटच्या ठोक्यानंतर भट्टीत घातलाय का?"

मी म्हणालो, नाही. शेवटचं मठारणं थंडच असतं, म्हणून तर तो कडक राहतो.

त्याने नखाने टिचकी मारली, तांब्या कानाजवळ नेला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला.