‘निअर मी’ म्हणजे नक्की कुणाच्या जवळ?

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हटकून येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या घटाचे फोटो, आणि ‘भारताने वर्षभरात गूगलवर काय शोधलं’ ही यादी. यादीखाली माझ्या आतेभावाचा शेरा ठरलेला: “बघा, ही आपली लायकी.”

सगळ्यात जास्त चिडला होता तो २०२१च्या यादीवर. पहिला नंबर आयपीएल. सातवा, फ्री फायर नावाच्या गेमचे रिडीम कोड. दहावा आर्यन खान. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांतली माणसं गेली ते वर्ष, आणि देश शोधतोय काय, तर क्रिकेट नि शाहरुखचा मुलगा! वर मला उद्देशून, “तुमच्या इंग्लंडात लोक असलं काही शोधत नसतील.”

मी २०११पासून रेडिंगला राहते. इंग्लंडातले लोक काय शोधतात यावरून अख्खं जग एकदा पोट धरून हसलं होतं, ते तो सोयीस्कर विसरला. २३ जून २०१६ला ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा का याचं, मतदान झालं. दुसऱ्या दिवशी गूगलच्या ट्रेंड्स विभागाने जाहीर केलं की निकालानंतर ब्रिटनमध्ये युरोपीय संघाबद्दल जे प्रश्न विचारले जातायत त्यांत ‘युरोपीय संघ म्हणजे काय?’ हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. झालं! मत देऊन बसले आणि मग विचारतायत, कशाला दिलं! मीही हसले होते. पण त्यात आकडा कुठेच नव्हता. शंभर जणांनी विचारलं की लाखाने? विचारणाऱ्यांनी मत दिलं होतं का? त्यांतली निम्मी शाळकरी पोरंही असू शकतात. मला भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थची नागरिक म्हणून मत होतं. माझ्या फ्रेंच शेजारणीला इतकी वर्षं इथे काढूनही नव्हतं. त्या सकाळी आम्ही दोघींनी फोनवर काय काय टाइप केलं ते आठवलं की हसू येतं. माहीत असलेलीच गोष्ट माणूस पुन्हा शोधतो, पायाखालची जमीन हलली की.

शिवाय ही वर्षअखेरची यादी म्हणजे सर्वांत जास्त शोधलेल्या गोष्टींची यादी नव्हेच. आदल्या वर्षाच्या तुलनेत कशाचा शोध एकदम उसळला, ते ती सांगते. सोन्याचा भाव, पावसाचा अंदाज, गाडीची वेळ, बारावीचा निकाल हे आपण दर वर्षी शोधतो, म्हणून ते त्यात वर येत नाही. २०२०च्या भारताच्या यादीत ‘लीप डे’ होता. भारतीयांना अचानक पंचांगाची ओढ लागली असं नव्हे. २९ फेब्रुवारीला गूगलच्या पानावर त्या दिवसाचं चित्र होतं, त्यावर बोट पडलं की आपोआप शोध होतो. निदान माझा तर्क तसा आहे. आणि आयपीएल? २०२१ची स्पर्धा खेळाडूंनाच लागण झाल्याने ४ मेला थांबवावी लागली आणि सप्टेंबरात यूएईत पुन्हा सुरू झाली. म्हणजे क्रिकेट शोधणाऱ्यांतही ‘मॅच आहे की रद्द?’ विचारणारे असणारच. करोना तिथेही होता.

मला त्या यादीचा वरचा भाग कधीच फारसा बोलका वाटला नाही. खाली ‘निअर मी’ नावाचा एक रकाना असतो, जवळपास काय मिळेल याचा. २०२०मध्ये त्यात पहिलं होतं ‘फूड शेल्टर’, म्हणजे गरजूंना जेवण मिळेल अशी जागा. पुढे फटाके, दारूचं दुकान, आणि लगेच त्याखाली ‘नाइट शेल्टर’, म्हणजे रात्री पाठ टेकायला जागा. २०२१मध्ये लस, टेस्ट, जेवणाची डिलिव्हरी, ऑक्सिजन सिलिंडर, कोविड हॉस्पिटल, जेवणाचा डबा, सीटी स्कॅन. ‘हाऊ टू’च्या रकान्यात, घरच्या घरी ऑक्सिजन कसा बनवायचा. त्याच रकान्यात आदल्या वर्षी पनीर आणि डालगोना कॉफी होती. आतेभावाला मी हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “हे खालचं कोण वाचतंय?”

मी वाचते, कारण त्यातला एक शोध माझाही होता. पण तो त्या यादीत धरलेला नाही.

एप्रिल संपत आला होता. साताऱ्यात बाबांचा ऑक्सिजन ८८वर आलेला. दादा दवाखान्यांच्या चकरा मारत होता. इथे रात्रीचे दोन, तिकडे सकाळचे साडेसहा. मी फोनवर टाइप केलं, ‘ऑक्सिजन सिलिंडर निअर मी’. फोनने तत्परतेने स्कूबा डायव्हिंगचं सामान विकणारं एक दुकान दाखवलं, चार मैलांवर, उघडतं नऊला. त्याखाली वेल्डिंगच्या गॅसचा डेपो. बरोबरच होतं त्याचं. फोन रेडिंगमध्ये होता, आणि ‘निअर मी’ म्हणजे फोनच्या जवळ. मग ‘सातारा’ घालून इंग्रजीत शोधलं, मग ‘ऑक्सिजन कुठे मिळेल’ रोमन लिपीत, मग देवनागरीत. ‘कुठे’, ‘कुठं’, रोमनमध्ये त्याची आणखी दोन-तीन स्पेलिंगं. मराठी माणसाची एकच विचारणा अशी पाच ठिकाणी वाटली जाते, आणि यादीत दिसतं ते इंग्रजीतलं. त्यात माझं सगळं जमा झालं ब्रिटनच्या खात्यात, ज्या आठवड्यात माझे शेजारी कुठल्या पबच्या बागेत टेबल मिळेल ते शोधत होते. १२ एप्रिलपासून इथले पब बाहेरच्या अंगणापुरते उघडले होते, आणि २३ एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या प्रवासबंदीच्या लाल यादीत. गेले असते तर परतल्यावर हॉटेलात दहा दिवस, १,७५० पौंड मोजून.

सापडलेल्या नंबरांपैकी एक लागला. पलीकडचा माणूस म्हणाला, “ताई, सकाळपासून तुम्ही चाळिसाव्या. अमेरिकेतून पण दोन फोन आले.” शेवटी मशीन मिळालं ते दादाच्या वर्गमित्राकडून. त्याच्या आईसाठी आणलेलं कॉन्सन्ट्रेटर होतं. तिचं तेरावंही झालं नव्हतं.

२०२१च्या यादीत दुसऱ्या नंबरवर कोविन होतं, लशीसाठी नाव नोंदवायचं सरकारी संकेतस्थळ. तेही मी रेडिंगहून करायचे. ओटीपी जायचा बाबांच्या फोनवर, ते चष्मा शोधेपर्यंत वेळ संपायचा, आणि सुरुवातीला ते पान इंग्रजीतच होतं. माझ्या लशीसाठी मात्र इथल्या डॉक्टरांकडून मेसेज आला, लिंक दाबली, वेळ मिळाली. काही शोधावं लागलं नाही. इथले आपले लोक हे सांगताना जरा छाती फुगवतात. मीही फुगवली होती. त्याच सप्टेंबरात लॉरीचालकांच्या टंचाईने पेट्रोल पंप कोरडे पडले आणि मी ‘पेट्रोल निअर मी’ शोधत तीन पंप फिरले. या वेळी फोनला ‘जवळ’ अचूक कळलं होतं, फक्त पेट्रोल नव्हतं. तेव्हा इंग्लंड काय नि सातारा काय, ज्याचा तुटवडा ते माणूस शोधतो. नेहमी सुखात मिळतं त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही, म्हणून यादीवरून देशाची लायकी काढण्यात अर्थ नाही, एवढंच मी आतेभावाला सांगत असते.

गेल्या डिसेंबरात त्याचा शेरा आला तेव्हा मी म्हटलं, “अरे, देशाचं राहू दे. तू काय शोधलंस ते टाक.” तासाभराने त्याने खरंच स्क्रीनशॉट टाकला. आजचा सोन्याचा भाव. सातबारा ऑनलाइन. सातारा-स्वारगेट विनाथांबा वेळापत्रक. गुडघेदुखीवर तेल. पुन्हा सोन्याचा भाव. आणि तळाला, फ्री फायर रिडीम कोड.

“ते पोराने केलंय,” असं खाली लिहिलं होतं.