रिकामा खिळा

काल गिरगावातल्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात सात माणसांसमोर सिद्ध झालं की चूक माझी होती. कान अजून गरम आहेत.

आमच्या इमारतीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. संपादक मी, कारण मीटिंगला उशिरा पोचलो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला, तर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच पानावर वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात आणि जोडाक्षरांचा घटस्फोट. मग दुकानातल्या पोराने पॅराग्राफच्या मेनूत खोल हात घालून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडला आणि सगळं जागेवर आलं. मराठी सरळ दिसण्यासाठी आधी जगाला तयार करावं लागतं! हे बटण मुळातच चालू का नसतं, हा प्रश्न मी विचारला. पोरगा म्हणाला, "काका, मला काय माहीत?" पन्नाशीच्या माणसाला काका म्हणणं चूक नाही, पण त्या सुरात म्हणू नये.

खरं संकट सातव्या पानावर. सेक्रेटरींचं मनोगत. तिसऱ्या ओळीच्या डोक्यावर इतकी जागा सुटलेली की म्हैस निजेल. पोराने 'स्पेस बिफोर' शून्य केला, ग्रिड बंद केली, फाइल बंद करून उघडली. म्हैस हलेना. सेक्रेटरींचा फोन मात्र दर दहा मिनिटांनी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "त्या ओळीत मोठा खिळा घुसलाय."

ऐंशीच्या घरातले एक आजोबा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात हयातीच्या दाखल्याचा कागद. झेरॉक्ससाठी ते अर्धा तास उभे होते आणि तेवढा वेळ आमचा स्क्रीन वाचत होते. छापखान्यात चौतीस वर्षं जुळारी होते म्हणे, म्हणजे शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एक अक्षर, हाताने ओळीत जुळवणारे. त्यांनी पोराला बाजूला सारलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कॅरमचा स्ट्रायकर लावताना बघतात तसे टेबलाच्या पातळीवर वाकून स्क्रीनकडे आडवे बघू लागले.

"आजोबा, सगळी अक्षरं बारा पॉइंटच आहेत," पोरगा म्हणाला.

"अक्षरं म्हणालो का मी? खिळा म्हणालो. रिकामी जागापण खिळाच असते रे. शिशाचीच. एक मोठा घुसला की अख्खी ओळ उचलते." मग माझ्याकडे वळून, "अहो संपादक, हे टाइप कोणी केलं?"

पोराने 'शो हिडन कॅरेक्टर्स' चालू केलं. शब्दांच्या मध्ये बारीक निळे ठिपके उमटले. 'सुवर्णमहोत्सव' या शब्दाच्या पुढचा एकच ठिपका पोराने सिलेक्ट केला. चोवीस पॉइंट! ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींमधलं आपोआप ठरणारं अंतर, अक्षराच्या मापाच्या एकशे वीस टक्के, बाराला १४.४, चोवीसला २८.८. ओळीत सगळ्यात मोठा जो, त्याच्या मापाने ओळ सरकते. मग तो अदृश्य का असेना. मी तो शब्द मुखपृष्ठाच्या मथळ्यातून उचलून चिकटवला होता. शब्द लहान केला, शेपटाची स्पेस तशीच राहिली.

हे मी घरी नीट समजून घेतलं. दुकानात फक्त "असेल" म्हणालो.

"असेल नाही, आहे," आजोबा म्हणाले. "आणि परिच्छेदाच्या आधी पाच-पाच स्पेस मारल्यात त्या? जागा अंदाजाने सोडायची नसते. त्यापेक्षा विडी ओढा."

रांगेतली पासपोर्ट फोटोवाली बाई हसली. कॉलेजची दोन पोरंही हसली. त्यांना खिळा म्हणजे काय हे माहीत असण्याची शक्यता शून्य, पण हसायला तेवढं लागत नाही. आणि चुकीबद्दल मला बोलायचं, पण चोवीसची स्पेस विचारल्याशिवाय न दाखवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला कोणी काही बोललं नाही. मी स्मरणिकेसाठी माझे दोन रविवार घालवलेत, हेही कोणाला सांगायचं राहिलंच.

आजोबांच्या झेरॉक्सचे दोन रुपये पोराने घेतले नाहीत. माझ्या बिलावर 'करेक्शन – ५०' लिहिलेलं होतं. बाहेर पडलो तर पुन्हा सेक्रेटरींचा फोन: मनोगत फार कोंबल्यासारखं वाटतंय, ओळींमध्ये जरा मोकळी जागा नाही का सोडता येणार?