दोन इंचांचा वायरचा तुकडा

आज सकाळी मेन बंद करून पार्किंगमधल्या माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंग सॉकेटचं झाकण उघडलं आणि अंगावर काटाच आला. न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी वायर) या दोन टर्मिनलांना जोडलेला दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा! अर्थिंगची हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवलेली. म्हणजे गेले तीन आठवडे रात्रभर चार्जिंगला लागणाऱ्या माझ्या गाडीला अर्थिंग नव्हतंच. त्याच गाडीच्या दाराला माझी नात लोंबकळते, आणि गाडीच्याच शेजारी वॉचमन अनवाणी पायांनी, पाइप घेऊन फरशी धुतो.

इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी तसंच झालं होतं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, 'थई जशे काका' (होऊन जाईल), आणि पाच मिनिटांत दिवा हिरवा करून दाखवला. काय केलं ते आज कळलं. न्यूट्रलच अर्थच्या टर्मिनलला जोडला की चार्जर फसतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, सैल झाला किंवा कुणी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल उलटे जोडले, तर गाडीच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट! आणि 30 मिलीअँपची आरसीसीबी (एवढासा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच) बसवायचे पैसे वेगळे मोजून घेतले होते, तिच्या जागी बॉक्समध्ये निव्वळ एमसीबी, म्हणजे साधा ट्रिप होणारा स्विच. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडते. माणसाचा जीव जाईल एवढ्याशा करंटचा तिला पत्ताही लागत नाही. अहो, साडेअठरा हजार रुपये मोजलेत मी या कामाचे!

पण एकट्या कंत्राटदारावर राग काढून भागणार नाही. ही पळवाट त्याला आमच्या सोसायटीच्या कमिटीने करून दिली. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही बडोद्यातल्याच अकोट्याच्या या फ्लॅटमध्ये आलो, पार्किंगची जागा कागदोपत्री माझ्या नावावर आहे. मी काय मागत होतो? कंपाउंडच्या कडेला जेमतेम हातभर रुंद खड्डा, त्यात दहा फुटांचा पाइप, कोळसा आणि मीठ. अर्थिंग असंच करतात. पाच महिने मी त्या खड्ड्यासाठी हेलपाटे घातले. सोसायटीचे प्रमुख (अध्यक्ष) म्हणाले, नव्या टाइल्स खराब होतील. मी म्हटलं, जशा होत्या तशा बसवून देतो, लिहून घ्या. मग सोसायटीच्या मंत्र्यांनी (सेक्रेटरींनी) 2024च्या ऑगस्टमधला विश्वामित्री नदीचा पूर काढला, पाणी आलं तर करंट पसरेल म्हणे. भीती रास्त आहे, तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही गुडघ्याच्या वर पाणी होतं. म्हणून तर मी बोर्ड साडेपाच फुटांवर घेतला! आणि पाण्याची एवढी धास्ती असेल तर अर्थिंग आधी हवं, एवढंही यांना समजू नये?

शेवटी परवानगीचं पत्र मिळालं, त्यात एक ओळ: 'खोदकाम करू नये, इमारतीचं जुनं अर्थिंग वापरावं.' ते जुनं अर्थिंग मी स्वतः जाऊन पाहिलंय. पट्टी गंजून हातात येते, खड्ड्यात ओल टिकायला वर्षानुवर्षं कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही.

घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राने 2018 सालीच मुभा दिली आहे. 2024च्या फेब्रुवारीत वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत सुधारणा झाली, गाडीसाठी वेगळं मीटर मागता येतं. मी मिटिंगमध्ये नियमाची प्रिंट घेऊन गेलो होतो. कुणी हातात घेतली नाही. वीज कंपनीच्या ऑफिसचे खेटे झाले, लोड वाढवून घेतला (घराचा मंजूर लोड 3 किलोवॅट, चार्जर एकटाच 3.3 खातो), ते सगळं पार पडलं. अडलं ते हातभर खड्ड्यापाशी.

दुपारी कंत्राटदाराला फोन केला, सॉकेटचा फोटो पाठवला. वाटलं, निदान वरमेल. तर म्हणतो, 'काका, बधा आम ज करे छे. लाइट ग्रीन छे ने?' सगळे असंच करतात म्हणे! फोन धरलेला हात थरथरत होता माझा.

सगळे म्हणजे किती? या बडोद्यात किती पार्किंगांत असा तुकडा बसलाय आणि वर हिरवा दिवा बघून माणसं निर्धास्त झोपताहेत? ज्यांनी गेल्या वर्षभरात घरी चार्जिंग बसवून घेतलंय त्यांनी हिरव्या दिव्यावर जाऊ नका. ज्याने काम केलं त्याला नको, दुसऱ्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा, हिरवी वायर खरोखर जमिनीपर्यंत जाते का ते तुमच्यासमोर मोजायला लावा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. मी सॉकेटला कुलूप घातलंय. तुकड्याचा फोटो आणि अर्ज आज रात्री प्रमुखांच्या हातात देणार आहे, आणि खड्ड्याला लेखी होकार मिळाल्याशिवाय त्यांच्या दारातून हलणार नाही.