कच्च्या केळ्याच्या पाण्याने अल्सर ‘मुळापासून’ जातो?

नायजेरियातून एक सल्ला सारखा फिरत असतो: कच्च्या प्लांटेनच्या (आपल्या राजेळीच्या जातकुळीतल्या केळ्याच्या) फोडी तीन दिवस पाण्यात भिजवा, ते पाणी आठवडाभर प्या, जोडीला ‘बिटर लीफ’ या झाडाच्या पाल्याचा कडू रस घ्या, अल्सर मुळापासून जाईल. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणे आम्ल नुसतं दाबतात, आणि झाडपाल्याने अपाय होत नाही.

मूळ कुठे आहे ते आधी पाहू. बहुतेक अल्सर दोनच गोष्टींनी होतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, नाहीतर अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली हा जिवाणू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005चं नोबेल मिळालं. जठराच्या बुळबुळीत थराखाली हा जिवाणू तळ ठोकून राहतो. नुसती ओमेप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेतली तर तो तिथेच राहतो; एवढ्यापुरता ‘दाबतात’ हा आरोप खरा. पण पूर्ण उपचारात अँटिबायोटिक्सही असतात, दहा ते चौदा दिवस. ती संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करतात. केळ्याच्या पाण्यानंतर ही तपासणी कोण करतं?

केळं पोकळ नाही, हेही सांगायलाच हवं. कच्च्या प्लांटेनच्या वाळवलेल्या पुडीने उंदरांमधले अ‍ॅस्पिरिनचे अल्सर रोखले, भरूनही आणले, असं 1984 साली प्रसिद्ध झालं. पिकलेल्या केळ्याने ते साधलं नाही. बनारस हिंदू विद्यापीठातही यावर काम झालं आहे. पण ती पुडी होती, नायजेरियातल्या लागोसच्या उकाड्यात तीन दिवस आंबून फेस धरलेलं पाणी नव्हे. आणि त्या उंदरांची जखम गोळीची होती, जिवाणूची नव्हती. कडू पाल्याचंही तेच: काचेच्या बशीत जिवाणू मारणं वेगळं, पोटात मारणं वेगळं.

‘अपाय नाही’ याचा मला खरा राग येतो. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोक पोटाच्या तक्रारींवर ‘इम्पिला’ नावाचं मूळ देत आले. या शब्दाचा अर्थच आरोग्य. त्यातल्या अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड या विषाने यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली आहेत, लहान मुलंसुद्धा.

‘मला गुण आला’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. अल्सरचं दुखणं आपोआप थांबतं, महिन्यांनी परत येतं. मधल्या काळात जखम आत खोल जाऊ शकते. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं, उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी आली, तर आतून रक्त वाहतंय. तेव्हा एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठा.