वीस यार्डांच्या पलीकडे बाण सोडू नका

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या (सांबरासारखं, पण त्याहून मोठं हरीण) शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम २ सप्टेंबरला उघडतो आणि ३० ला मिटतो. तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणाला कंपाउंड (चाकं लावलेलं यांत्रिक धनुष्य) सोडून लाँगबो किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) असं साधं धनुष्य घ्यायची हौस लागली असेल, तर ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी भूगोल म्हणून वाचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा विषय मिटला आणि ते बरंच झालं. तिकडे एल्क भरपूर आहेत. किती मारायचे हे सरकारी खातं ठरवतं आणि परवान्यांच्या पैशावर ते खातं बऱ्याच अंशी चालतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साधं धनुष्य हातात घेतलं म्हणून कुणी पुण्यवान होत नाही. पोटात बाण घेऊन पळालेल्या एल्कला तो बाण लाकडी होता की कार्बनचा, याचं काही देणंघेणं नसतं. या प्रकारात खरा नियम एकच: तुमचं अंतर ऑगस्टमध्ये ठरवा आणि सप्टेंबरमध्ये एका यार्डानंही वाढवू नका. बहुतेकांचं ते पंधरा ते वीस यार्ड निघतं. पंचवीसवाले थोडे. चाळीसच्या गप्पा मारणाऱ्यांना त्यांचा पहिला बाण दाखवायला सांगा.

यामागचं गणित सोपं आहे. ५० पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा रिकर्व्ह ५०० ग्रेनचा (सुमारे ३२ ग्रॅमचा) बाण सेकंदाला साधारण १७५ फूट वेगानं फेकतो. वीस यार्ड म्हणजे साठ फूट, तिथं पोचायला सेकंदाचा एक तृतीयांश. चाळीसला त्याच्या दुप्पट. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांनी जातो, म्हणजे बाण अर्ध्या वाटेतही नसताना एल्कनं तो ऐकलेला असतो. एवढ्या वेळात तो सहज एक पाऊल टाकतो आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पोटात शिरतो. शिवाय ३५ समजून ४० वर सोडलात तर बाण जवळजवळ फूटभर खाली जातो. जंगलात, उतारावर, झाडांच्या फटीतून पाच यार्डांची चूक कुणाचीही होते.

अंतर ठरवायची रीत: नऊ इंची कागदी प्लेट लावा आणि दिवसातला पहिलाच बाण सोडा. अंग तापवायचं नाही. अंगात शिकारीचंच जाकीट, गुडघ्यावर बसलेले, शक्यतो उतारावर, आणि टोकाला ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं. दहा सकाळींपैकी नऊ वेळा बाण प्लेटमध्ये गेला तर ते तुमचं अंतर. दुसऱ्या बाणाला काही किंमत नाही, एल्क दुसरा बाण देत नाही.

सामानावर लोक फार बोलतात, म्हणून मी मोजकंच बोलतो. कायद्यानं किमान ३५ पौंड लागतात. एल्कसाठी ४५ ते ५५ ठीक. पण धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. उंची बेताची असलेल्या माणसाची ओढ २६ इंच भरते, आणि इंचामागे अडीच-तीन पौंड जातात. म्हणजे ५० लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ४५ चंच असतं. म्हणून दुकानात तराजू लावून मोजून घ्या. आणि उलटी चूक त्याहून वाईट: ६० चं धनुष्य घेणारा थंडीत पूर्ण ओढतच नाही, हनुवटीपाशी पोचायच्या आधीच सोडतो. बाण कुठं जाईल ते त्यालाही माहीत नसतं.

बाणाचं वजन पौंडामागे दहा ग्रेन धरा आणि त्यातलं बरंचसं पुढे ठेवा. दोन पात्यांचं, घट्ट स्टीलचं, दोनशे ग्रेनच्या आसपासचं ब्रॉडहेड बरगडीतून सरळ जातं. कायद्याला ते किमान ७/८ इंच रुंद लागतं. पण टोक बदललं की बाणाचा ताठपणाही बदलतो, जड टोकानं तो मऊ होतो. म्हणून एक बिनपिसांचा बाण पंधरा यार्डांवरून सोडून बघा. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा तो डावीकडे लागला तर बाण फार ताठ आहे, उजवीकडे गेला तर फार मऊ. पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागला तर दोरीवरची बाण अडकवायची खूण फार वर बसली आहे. हे जमलं नाही तर बाण शेपूट हलवत जातो आणि अर्धी ताकद हवेतच घालवतो. पात्याची धार हातावरचे केस उतरवील इतकी हवी. भात्यात घासून ती जाते, पावसात गंज चढतो, म्हणून रोज रात्री तंबूत पुन्हा लावायची. टर्कीची पिसं भिजली की चिकटून बसतात. भात्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढा. जादा दोरी नुसती खिशात नको. घरी शंभर बाण सोडून ताणून घेतलेली हवी, नाहीतर डोंगरात ती लांबते आणि तुमचं सगळं जुळवलेलं बिघडतं.

आता वारा. एल्कचे डोळे आणि कान चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. वासनाशक फवारे विकणारे काहीही सांगोत. डोंगरात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली वाहते. नऊ-दहाच्या सुमारास ऊन उतारावर पडलं की ती उलटी वर चढू लागते. संध्याकाळी उतार सावलीत गेला की पुन्हा खाली. म्हणून सकाळी कळपाच्या खालून किंवा त्याच पातळीवर आडवं जायचं, ऊन चढल्यावर वरून. पूर्वेच्या उतारावर ऊन लवकर येतं, पश्चिमेच्या उतारावर उशिरा, आणि खिंडीत दोन्ही प्रवाह मिसळून गरगरतात. खिंडीत एल्क ओरडत असेल तरी शिरू नका. सर्वात वाईट वेळ म्हणजे हवा पलटतानाचा अर्धा तास. तेव्हा बसून राहावं, काहीतरी खावं. नव्वद टक्के लोक नेमके तेव्हाच घाईनं पुढं सरकतात.

वारा बघायला लोक पावडरची बाटली ठेवतात. ती हातापुढच्या दोन फुटांचंच सांगते. मिल्कवीडचा कापूस सोडला तर तो पन्नास-साठ यार्ड तरंगत जाताना दिसतो, आणि पुढं जाऊन कुठं वळतो तेही. हे झाड आपल्या रुईच्या कुळातलं. बोंडातला तो रेशमी कापूस मारुतीच्या देवळाबाहेर लहानपणी फुंकला असेलच.

सप्टेंबरच्या मध्यापासून नर माजावर येतात. दुपारी ते उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट स्प्रूस-फरच्या रानात, साडेनऊ ते साडेअकरा हजार फुटांवर, सपाटीचा टप्पा बघून पडून राहतात. चिखलात लोळायची डबकी तिथंच असतात. पाणी गढूळ असेल आणि कडेच्या झाडांना ओला चिखल लागला असेल तर नर नुकताच गेला आहे. दोघं असाल तर मादीचा आवाज काढणारा मागं बसतो आणि बाण सोडणारा पुढं. इथं चूक होते ती अंतराची. आवाज काढणारा पंधरा यार्ड मागं बसला, तर नर साठ-सत्तर यार्डांवर थबकतो, कारण जिथून मादी दिसायला हवी तिथं तो आलेला असतो आणि मादी दिसत नाही. साध्या धनुष्याला ते साठ यार्ड म्हणजे काहीच नाही. आवाज काढणाऱ्यानं साठ-सत्तर यार्ड मागं जावं, झाडांच्या आड. आणि बाणवाल्यानं सरळ रेषेत न बसता वारा जिकडे जातो त्या बाजूला सरकून बसावं, कारण नर वास घ्यायला वळसा घालून तिकडूनच येतो.

बाण सोडायचा तो पूर्ण आडव्या उभ्या असलेल्या किंवा किंचित पाठमोऱ्या एल्कवर. पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. समोरून येणाऱ्या नरावर, तो कितीही जवळ असो, नाही. खांद्याच्या हाडावर ५० पौंडांचा बाण थांबतो. बाण लागल्यावर घड्याळ बघा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. अर्धा तास थांबा, बहुधा दीडशे यार्डांत सापडतो. गडद लाल असेल तर यकृत, चार ते सहा तास. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, आठ-दहा तास, आणि तोवर त्या दिशेला पाऊलही टाकू नका. उठवला की तो दुसऱ्या दरीत जातो.

शिकारीचा निम्मा भाग यानंतर सुरू होतो, आणि तोच कुणी शिकवत नाही. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात जातो. हाडं काढून नव्वद ते एकशे दहा किलो मांस निघतं. एकट्या माणसाला चार-पाच खेपा, तीही दहा हजार फुटांवर. डेन्व्हर शहर जवळपास कळसूबाईच्या उंचीवर आहे, तळ त्याच्या दुपटीवर. मुंबईहून उतरून तिसऱ्या दिवशी ओझं उचलाल तर डोकेदुखी आणि उलट्या ठरलेल्या. दोन रात्री मधल्या उंचीवर काढा. म्हणूनच गाडीपासून तीन मैलांपलीकडे एकट्यानं एल्क मारणं मला बेजबाबदारपणा वाटतो. मारता येईल, पण आणता येणार नाही.

मांस नासतं ते उष्णतेनं, आणि सप्टेंबरच्या दुपारी ऊन कडक असतं. पोट न फोडता कामाला लागा: एका कुशीचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलायचं, मग पुढचा खांदा, मागची मांडी, कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस. मग उलटवून दुसरी बाजू. आतल्या कोवळ्या पट्ट्या शेवटी, बरगड्यांच्या मागून हात घालून. सर्वात आधी नासते ती मांडी, खुब्याच्या हाडाजवळ. बाहेरून मांस गार लागतं आणि आत हाडाशी ऊब कोंडून आंबूस वास धरते. त्यामुळे मांडी त्याच रात्री उघडून हाड मोकळं करा किंवा काढूनच टाका. जाळीच्या कापडी पिशव्यांत भरून ओढ्याजवळ सावलीत, फांदीला, हवा खेळेल असं टांगा. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे मांसाचा सत्यानाश. टांगलेल्या जागेपासून तंबू लांब ठेवा, काळी अस्वलं येतात. आणि नर असल्याचा पुरावा एका मांडीला जोडलेलाच राहू द्या. वाटेत अधिकारी तो बघायला मागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. राज्यात सलग सहा महिने राहिलात की रहिवासी. २०२५ पासून बाहेरच्यांना काउंटरवर एल्कचा धनुष्य-परवाना मिळणं बंद झालं, सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला भरावा लागतो.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सोडणार नाही. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग १९६७ साली कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नका असाच सल्ला आहे. तपासणीला मानेच्या वरच्या टोकाच्या गाठी लागतात, म्हणून डोकं रानात टाकून येऊ नका. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, पाकिटांवर त्या जनावराचा नंबर. निकाल चांगला आला की चरबी सगळी खरडून काढा, बकऱ्याची ठेवतात तशी ठेवू नका. एल्कची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते आणि अख्खा रस्सा वाया जातो. नळीचं मांस कुकरला न लावता मंद आचेवर तीन-चार तास ठेवा, आणि कण्यालगतची पट्टी तव्यावर दोन-दोन मिनिटांहून जास्त नको. तिच्यात चरबीच नसते, लगेच वातड होते.