पेलेट स्टोव्हचा सुरक्षा स्विच ‘जोडून टाका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘पेलेट स्टोव्ह सारखा बंद पडतोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे सहा उपाय घरच्या घरी करा’ अशा मथळ्याचा एक मराठी संदेश यंदाच्या हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळून घर ऊबदार ठेवणारी, विजेच्या पंख्यावर चालणारी शेगडी. तिथल्याच मेन राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, पहिला उपाय सोपा दिसतो, आज रात्री करून बघतो.’ त्याच्या घरात दोन लहान मुले आहेत आणि नाशिकहून नातवंडांसाठी आलेले सासू-सासरे आहेत. मी तत्काळ फोन करून त्याला थांबवले. ज्यांना थांबवणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर लिहीत आहे.

पहिला उपाय असा आहे: ‘स्टोव्हच्या मागे व्हॅक्यूम स्विच असतो. तो बिघडतो म्हणून स्टोव्ह बंद पडतो. त्याच्या दोन वायर काढून एकमेकींना जोडा, स्टोव्ह पुन्हा बंद पडणार नाही.’ यातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि सगळा धोका त्यातच आहे.

हा स्विच कशासाठी असतो हे आधी समजून घ्यावे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, म्हणजे पेलेट, आपण हॉपरमध्ये, म्हणजे इंधनाच्या पेटीत, ओततो. तिथून ऑगर नावाचा मळसूत्री दांडा ते थोडे थोडे करून बर्न पॉटमध्ये, म्हणजे ते जळतात त्या भांड्यात, टाकतो. धूर आपोआप धुराड्यातून वर चढून जाईल, असे या यंत्रात गृहीत धरलेले नसते. एक पंखा तो ओढून घेतो आणि बहुतेक घरांत अवघ्या ३ किंवा ४ इंच व्यासाच्या नळीतून बाहेर टाकतो. पंखा ओढत असेपर्यंत स्टोव्हच्या आतला हवेचा दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो, त्यामुळे एखादी फट असली तरी तिच्यातून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. व्हॅक्यूम स्विच एवढेच पाहतो की हा कमी दाब टिकून आहे ना. टिकून असेल तर ऑगरच्या मोटरला वीज मिळते. नळी तुंबली, पंखा मंदावला किंवा दार नीट लागले नाही, की वीज तुटते आणि इंधन पडणे थांबते.

आता त्या दोन वायर जोडल्यावर काय होते ते पाहा. नळी तुंबलेली असली तरी ऑगर पेलेट टाकतच राहतो. पुरेशी हवा न मिळाल्याने बर्न पॉटमध्ये ढीग साचतो, ज्वाळा विझत जाते आणि ढीग नुसता धुमसू लागतो. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड सर्वाधिक निर्माण होतो, आणि बाहेर जायला वाट नसल्याने तो खोलीत येतो. शिवाय आग ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकू शकते, आणि हॉपरमध्ये एका वेळी ४० पौंडांची अख्खी थैली भरलेली असू शकते. पुण्या-मुंबईकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. तिथे जीव घेणारा वायू हाच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला डोके दुखल्याचेही कळत नाही. इतक्या गंभीर गोष्टीवर ‘सोपा उपाय’ म्हणून हसरे चेहरे चिकटवून संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनस्वी राग आला आहे.

स्विच स्वतः बिघडतच नाही असे नाही. पण तो संशयितांच्या यादीत शेवटी येतो. स्टोव्ह पूर्ण थंड करून, प्लग काढून, आधी दाराची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी कडेची पट्टी, पाहावी: दारात एक डॉलरची नोट ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी, ती सहज सुटून आली तर त्या जागी गॅस्केट दबलेली आहे. असे दाराच्या चारही बाजूंनी करावे. मग बर्न पॉटची भोके आणि मागच्या पत्र्याआडची राख पाहावी, कारण समोरून स्वच्छ दिसणाऱ्या स्टोव्हच्या त्या पत्र्यामागे राखेचा थर बसलेला असतो. त्यानंतर बाहेरच्या नळीचे तोंड, पंख्याची पाती, आणि सर्वांत शेवटी स्विचकडे जाणारी बोटाएवढीही जाड नसलेली रबरी नळी. माझ्या भाच्याच्या स्टोव्हमध्ये दोष तिथेच निघाला. ही नळी ज्या धातूच्या तोटीवर बसते, तिचे भोक पिठासारख्या बारीक राखेने बुजले होते. नळी आधी स्विचपासून सोडवून, सरळ केलेल्या पेपरक्लिपने ती राख काढली आणि स्टोव्ह सुरू झाला. नळी न सोडवता तिच्यात फुंकर मारू नये, कारण स्विचमधला पातळ पडदा त्या दाबाने खराब होतो. म्हणजे स्विच बिघडलेला नव्हताच. त्याच्यापर्यंत दाब पोहोचत नव्हता. वायर जोडल्या असत्या तर या घराचे एकमेव वेळेवर बोलणारे यंत्र गप्प झाले असते.

दुसरा उपाय पेलेट पेटत नसतील तर त्यांवर थोडे रॉकेल किंवा कोळशाची शेगडी पेटवायचे द्रव शिंपडण्याचा आहे. यावर मी माझे मत देण्याची गरज नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कोणत्याही पेलेट स्टोव्हचे माहितीपुस्तक उघडावे. पेट्रोल, रॉकेल, कंदिलाचे इंधन किंवा कोळसा पेटवायचे द्रव आग पेटवण्यासाठी वा भडकवण्यासाठी कधीही वापरू नये, अशी ठळक सूचना त्यात असते. बंद पेटीत या द्रवांची वाफ साचते आणि इग्नायटर (पेलेट पेटवणारी विजेची कांडी) तापताच तिचा भडका उडतो. खास पेलेटसाठी बनवलेली जेल मिळते, काही कंपन्या तिला परवानगी देतात, पण तीही फक्त थंड बर्न पॉटमध्ये आणि पेटवण्याआधीच घालायची असते. इग्नायटर जळला असेल तर तो बदलावा.

वीज गेल्यावर ‘दार उघडून पाणी ओतावे’ हा तिसरा सल्ला. वीज गेली की पंखा थांबतो आणि बर्न पॉटमधले मूठभर पेलेट काही मिनिटे धुमसतात. त्या वेळी दार उघडणे म्हणजे तो धूर स्वतःच्या हाताने घरात घेणे होय, आणि तापलेल्या काचेवर वा ओतीव लोखंडावर पाणी पडले तर ते तडकू शकते. दार आणि हॉपरचे झाकण बंदच ठेवावे. खोलीत धूर जाणवला तर खिडकी उघडावी. हिमवादळात वारंवार वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीची सोय करावी. जनरेटर वापरायचा असेल तर तो घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर ठेवावा. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, चालवू नये.

भिजलेले पेलेट वाळवून वापरता येतात, असे चौथ्या मुद्द्यात म्हटले आहे. येत नाहीत. पाणी लागताच ते फुगून पुन्हा भुसा होतात, आणि तो भुसा ऑगरच्या नळीत घट्ट बसला की मग छिन्नी घेऊन बसावे लागते.

काच काळी होत असेल तर पेलेटचा ब्रँड बदला, हा पाचवा मुद्दा अर्धा खरा आहे, एवढे मान्य करावे लागेल. पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या पेलेट उद्योगाच्या संघटनेच्या मानकानुसार प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राख १ टक्क्यापेक्षा जास्त नसावी, आणि जास्त राखेच्या पेलेटमुळे बर्न पॉटमध्ये वितळून घट्ट झालेले खडे तयार होतात, हे खरे आहे. पण काच काजळीने काळीकुट्ट होणे आणि ज्वाळा नारिंगी, लांब व आळसावलेली दिसणे ही मुख्यतः हवा कमी पडत असल्याची खूण आहे. ब्रँड बदलून हवेची वाट मोकळी होत नाही. आधी सफाई करावी, मग गॅस्केट तपासावी, त्यानंतर थैलीवर संशय घ्यावा.

सहाव्या मुद्द्यातही तथ्य आहे, आणि ते नाइलाजाने कबूल करतो: पाने उडवायच्या ब्लोअरची ओढणारी बाजू बाहेरच्या नळीच्या तोंडाला लावली, तर आतली बारीक राख चांगली निघते, आणि अनेक जाणते लोक हे करतात. अट अशी की स्टोव्ह पूर्ण थंड असावा, कारण राखेत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहू शकतो. पण संदेश इथे न थांबता ‘त्यामुळे वार्षिक तपासणीची गरज नाही’ असे म्हणतो, आणि ते चूक आहे. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचे २११ क्रमांकाचे मानक धुराडी आणि व्हेंट (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) वर्षातून किमान एकदा तपासून घ्यायला सांगते. ब्लोअर राख ओढतो. नळीचा निखळलेला सांधा तो दाखवत नाही.

सर्वांत शेवटी, टीप म्हणून, संदेशात लिहिले आहे की पेलेट स्टोव्हला धूर नसतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायची आवश्यकता नाही. नीट चालणारा स्टोव्ह हा वायू कमी सोडतो. बिघडलेला सोडतो, आणि हा संदेश तर बिघडलेल्या स्टोव्हच्याच मालकांसाठी आहे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार आगीशी संबंध नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अपघाती विषबाधेने या देशात दर वर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात आणि एक लाखाहून अधिक लोकांना आपत्कालीन विभागात जावे लागते. अलार्म घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर लावावा, त्याच्या मागे छापलेली मुदत पाहावी, आणि तो वाजला तर स्टोव्हपाशी जाऊन काय झाले ते पाहत बसू नये. आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन बाहेर पडावे, बाहेरूनच ९११ ला फोन करावा आणि अग्निशमन दलाने सांगेपर्यंत आत जाऊ नये.